सुईच्या तासाची कुळकथा

खासगी एफएम केंद्रांनी गाण्यांपोटी किती पैसे भरायचे, याचे दर बौद्धिक संपदा अपील मंडळाने 31 डिसेंबर 2020 रोजी ठरवून दिले. त्या दरांचं माप होतं 'नीडल अवर', म्हणजे सुईचा तास. जाहिराती आणि निवेदकाचं बोलणं वगळून नुसती गाणी जेवढा वेळ वाजली, तेवढाच त्यात धरायचा. केंद्रावर गाणी संगणकावरून वाजतात, सुई औषधालाही सापडत नाही. तरी माप ग्रामोफोनचंच! त्याचं मूळ शोधत गेलो तो थेट इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या एका चहाच्या दुकानात पोचलो. इंटरनेट रेडिओच्या रॉयल्टीचा आजचा तिढा मला तिथेच उलगडला.

कारवर्डिन यांच्या त्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी तबकड्या लावत. ग्रामोफोन कंपनीने त्यांना कोर्टात खेचलं. दुकानदाराची बाजू अशी की तबकडीची नक्कल करायला मनाई आहे, विकत घेतलेली तबकडी वाजवायला नाही. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरमध्ये हे कुणालाही पटेल. इथल्या तांबटाकडून पितळी हंडा घेतला की वजनावर पैसे मोजायचे आणि व्यवहार मिटला. पुढे त्या हंड्यातलं पाणी घरचे प्याले की लग्नातलं वऱ्हाड, हे तांबट विचारत नाही. 1933 साली न्यायमूर्ती मॉम यांनी मात्र तबकडी आणि हंडा यांत फरक केला. तबकडी विकली तरी ती चारचौघांत वाजवू देण्याचा हक्क कंपनीकडेच राहतो, असा निकाल त्यांनी दिला. लगोलग 1934 मध्ये एचएमव्हीची मालक ईएमआय आणि डेका या कंपन्यांनी वसुलीसाठी 'फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड' काढली. त्याच नावाची भारतीय संस्था 1941 ची.

पण दर तासावर का? सोपं उत्तर असं दिलं जातं की वेळ मोजणं सोयीचं. मला ते पुरेसं वाटत नाही. जुन्या तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपायची. नुसतं मोजायचंच होतं, तर तबकड्या मोजणं त्याहून सोपं. माझ्या मते सुईचा तास जन्माला आला तो कुंपण म्हणून, त्याची किंमत नंतर झाली. ब्रिटनमध्ये वादकांच्या संघटनेला धास्ती होती की रेडिओवर तबकड्याच वाजत राहिल्या तर जिवंत वादकांच्या पोटावर पाय येईल. म्हणून बीबीसीने तबकड्या किती तास वाजवायच्या, यावर करारानेच मर्यादा घातली गेली. तिचं नाव 'नीडल टाइम'. श्रोते वैतागले आणि 1964 पासून रेडिओ कॅरोलाइनसारख्या समुद्रातल्या चोरट्या केंद्रांकडे वळले. आपल्याकडे नभोवाणी मंत्री केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत हटवलं, लोक रेडिओ सिलोनकडे गेले आणि 1957 मध्ये विविध भारती आली, ही गोष्ट तर सर्वांना पाठच आहे. कुंपणाचं हे माप दराचं माप म्हणून भारतात आलं ते दोन्हीकडच्या ग्रामोफोन कंपन्यांच्या नात्यातून, असं मी खुशाल धरून चालतो.

मधल्या काळात माप एकदा बदललंही. 25 ऑगस्ट 2010 रोजी कॉपीराइट मंडळाने एफएम केंद्रांसाठी जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाच्या 2 टक्के असा दर ठरवला. कमाई असेल तर द्या, आणि कमाईच्या मानाने द्या. 2020 मध्ये पुन्हा सुई आली.

इंटरनेट रेडिओला यातलं कोणतंच माप मिळालं नाही. अमेरिकेत 2002 साली त्याच्यासाठी दर ठरला तो दर गाण्यामागे, दर श्रोत्यामागे 0.07 सेंट. तासाला 15 गाणी आणि 100 श्रोते धरले तर तासाचा डॉलरभर खर्च. जाहिरात मिळो न मिळो, श्रोता वाढला की बिल वाढलं. त्याच देशात हवेतून प्रक्षेपण करणारं बडं केंद्र मात्र ध्वनिमुद्रणासाठी कंपनीला किंवा गायकाला छदामही देत नाही. 26 जून 2007 रोजी वाढीव दरांच्या निषेधात तिथल्या इंटरनेट केंद्रांनी दिवसभर मौन पाळलं, ते उगीच नव्हे.

आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात 31 ड हे कलम आलं. ठरलेला दर भरा आणि गाणी लावा, परवानगीसाठी मिनतवाऱ्या नकोत. त्यात रेडिओ आणि टीव्ही यांचे दर वेगवेगळे ठरवायला सांगितलं आहे; इंटरनेटचं नाव नाही. 'टिप्स' ही संगीत कंपनी विरुद्ध 'विंक' हे एअरटेलचं गाण्यांचं ॲप, या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 23 एप्रिल 2019 रोजी हे कलम इंटरनेटला लागू नसल्याचं सांगितलं. 2022 मध्ये खंडपीठानेही तेच कायम केलं. म्हणजे इंटरनेट केंद्राने प्रत्येक हक्कदाराचा उंबरा स्वतः झिजवायचा आणि तो मागेल ती रक्कम द्यायची. एअरटेलच्या विंकला ते परवडण्यासारखं होतं, सोनगीरहून अहिराणी गाण्यांचं केंद्र चालवणाऱ्या पोराला नाही.

त्याने खानदेशच्या बहिणाबाईंची गाणी लावायची म्हटली तरी काय होतं पाहा. त्यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 मध्ये निघाला. मरणोत्तर प्रकाशनापासून 60 वर्षं धरली तर त्यातले शब्द 2013 पासून मुक्त. त्यांची गाणी असलेला 'मानिनी' चित्रपट 1961 चा, म्हणून त्यातली ध्वनिमुद्रणं 2022 पासून मुक्त. पण चाल संगीतकाराची. तिचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं चालतो. एका गाण्याला तीन कुलपं आणि प्रत्येकाची मुदत वेगळी.

म्हणून गाणी फुकट हवीत, असं मी म्हणत नाही. गायकांना रॉयल्टी हवी म्हणून साठच्या दशकात लताबाईंनी रफींशी वाकडं घेतलं. लताबाईंचं आजोळ थाळनेर, याच धुळे जिल्ह्यातलं. त्यांचा तो आग्रह मला सोळा आणे रास्त वाटतो. प्रश्न मापाचा आहे. सुईचा तास दहा श्रोत्यांचं आणि दहा लाखांचं केंद्र एकाच तागडीत घालतो; श्रोत्यामागचा दर लहान केंद्राला वाढूच देत नाही. 2010 चं टक्केवारीचं माप मात्र देणाऱ्याची ऐपत पाहतं आणि केंद्र वाढलं की हक्कदारांचा वाटाही वाढवतं. 31 ड कलमात इंटरनेट हा शब्द घाला, लहान केंद्रांना माफक किमान रक्कम आणि कमाईवर टक्केवारी लावा, आणि तीनही हक्कांचे पैसे एकाच खिडकीत भरू द्या. तबकडी वाजवण्याचे पैसे द्यावे लागतात, हे ब्रिस्टलला ठरलं ते बरोबरच होतं. ते किती आणि कुठे भरायचे, हे सोनगीरच्या पोराला आधी कळलं पाहिजे.