गुडघा टेकता यावा म्हणून

वेदीपुढे गुडघा टेकणे ही आपल्या उपासनेतील इतकी अंगवळणी पडलेली कृती आहे की, त्यासाठी शरीराला काय करावे लागते याचा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. ज्याचा पाय मांडीतून कापला गेला आहे, त्याला मात्र तो रोज करावा लागतो. पाय पोटरीतून गेला, तर गुडघा शाबूत राहतो व कृत्रिम पाऊल त्याच्या बळावर चालते. गुडघाच गेला की योग्य क्षणी वाकणारा आणि योग्य क्षणी ताठ राहणारा सांधा माणसाला घडवावा लागतो. त्या खटपटीचा इतिहास वाचकांसमोर ठेवावा, असे आम्हांस वाटते.

संत कोस्मास व संत दामियान हे वैद्य बंधू रुग्णांकडून मोबदला घेत नसत, असे परंपरा सांगते. त्यांनी एका भक्ताचा सडलेला पाय काढून त्या जागी मृताचा पाय बसवला, ही आख्यायिका मध्ययुगात घरोघरी ठाऊक होती. डॉमिनिकन संन्यासी चित्रकार फ्रा आंजेलिको यांनी ती रंगवली आहे. पाय मिळावा आणि तोही विनामूल्य, ही आस किती जुनी आहे, हे त्यावरून कळते.

प्रत्यक्षात पाय बनवण्याचे शास्त्र सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आकाराला आले. आंब्रोआज पारे (१५१०–१५९०) हे रणांगणावरील शल्यवैद्य होते. गुडघ्याला खिट्टी असलेल्या कृत्रिम पायाचे चित्र त्यांच्या ग्रंथात आहे. चालताना खिट्टी लावायची, बसताना सोडायची. त्याच ग्रंथात आणखी एक चित्र आहे: गरिबांसाठी लाकडी पाय! श्रीमंताला सांधा आणि गरिबाला खुंट, ही वाटणी पुढे शतकानुशतके टिकली. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत लॉर्ड अक्सब्रिज यांनी पाय गमावला. त्यांना लंडनच्या जेम्स पॉट्स यांचा पोलादी गुडघ्याचा पाय मिळाला. सामान्य शिपायाच्या आवाक्यात असली कारागिरी कोठून येणार?

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, पुण्यात सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पण परदेशी धर्तीचे पाऊल बुटासाठी बनलेले होते. चिखलात अनवाणी उतरणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग काय? जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांना हा प्रश्न छळू लागला. अल्पशिक्षित पण हाताचे कसबी असे रामचंद्र शर्मा, म्हणजे सर्वांचे 'मास्टरजी', त्यांच्या मदतीला आले. रबर व लाकूड यांपासून त्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'जयपूर फूट' घडवले. १९७५ मध्ये देवेंद्र राज मेहता यांनी स्थापलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते गरिबांना मोफत देण्यास आरंभ केला. १९८१ मध्ये डॉ. सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन १९८४ मध्ये याच पायावर पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, हे अनेकांना स्मरत असेल. त्यांचा गुडघा शाबूत होता, हे मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते.

मांडीतून पाय गेलेल्यांचे दुखणे तसेच राहिले. स्वस्त गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच खिळ्यावर फिरे. तो मोकळा ठेवला तर खडबडीत वाटेवर अवचित दुमडून माणूस पडे; जखडला तर पाय काठीसारखा ताठ ओढावा लागे. चार दांड्या जोडून केलेल्या सांध्यात फिरण्याचा बिंदू हालचालीबरोबर सरकत जातो. त्यामुळे टाच टेकताना पाय स्थिर राहतो आणि पाऊल उचलताना सहज वाकतो. ही युक्ती पाश्चात्त्यांना ठाऊक होती, पण तिची किंमत हजारो डॉलर होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या समितीसह तेलयुक्त नायलॉनचा असा गुडघा सुमारे २० डॉलरमध्ये तयार केला. 'टाइम' साप्ताहिकाने २००९ च्या उत्कृष्ट शोधांत त्याची गणना केली. पारे यांच्या ग्रंथातील दोन चित्रांमधले अंतर अखेर कमी होऊ लागले.

तथापि गुडघा स्वस्त झाला म्हणजे पाय सुखाचा झाला, असे नाही. उरलेली मांडी ज्या सॉकेटमध्ये बसते, तेथेच खरी कसोटी असते. शरीराचा बराचसा भार बैठकीच्या हाडावर नीट पेलला गेला नाही, तर चामडी सोलून निघते. शस्त्रक्रियेनंतर काही महिने मांडी आकसत जाते, मापाचे सॉकेट सैल होते. कोकणच्या दमट हवेत घामाने त्रास वाढतो. मग फुकट मिळालेला पाय दाराआड उभा राहतो आणि माणूस पुन्हा कुबड्यांकडे वळतो.

रेल्वे अपघात व मधुमेह यांमुळे पाय गमावलेली माणसे आपल्याही धर्मग्रामांत आहेत. शिबिर भरवून पाय वाटणे हे पुण्यकर्म खरेच. पण दान त्या दिवशी संपत नाही. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी त्या घरी जावे, पाय वापरात आहे काय हे विचारावे, सॉकेट बदलण्यासाठी जाण्यायेण्याचा खर्च द्यावा आणि सोबतीला कोणी जावे. एवढे आपल्या प्रत्येक धर्मग्रामाला करता येण्यासारखे आहे. मिस्सेला येणाऱ्या त्या भावाला वेदीपुढे गुडघा टेकता येतो की नाही, याची चौकशी आपण नाही करायची तर कोणी?