विणकाम म्हणजे फक्त लोकर आणि थंडी? इजिप्तच्या सुती मोज्यांकडून शिकण्यासारखं काही

विणकाम म्हटलं की आपल्याला स्वेटर, मफलर आणि डिसेंबर आठवतो. हल्ली उन्हाळ्यासाठी सुती दोऱ्याचे हलके, रंगीत टॉप विणायची आवड वाढली आहे आणि ती अनेकांना नवी फॅशन वाटते. पण इतिहास उलटा आहे. दोन सुयांवरच्या खऱ्या विणकामाचे जे सर्वांत जुने नमुने आज हातात आहेत, त्यांत इजिप्तमधले सुती मोजे प्रमुख आहेत. काळ साधारण ११ ते १४ वं शतक. रंग पांढरा आणि निळीचा निळा. काहींवर कूफी लिपीसारखी नक्षी आहे. म्हणजे ज्ञात सुरुवात उष्ण देशात, कापसात आणि रंगात दिसते.

आता संशोधक म्हणून पहिला प्रश्न विचारू. त्याआधीचं विणकाम नव्हतंच का?

इथे शब्दांचा घोळ समजून घ्यायला हवा. मराठीत आपण कापड विणतो, स्वेटर विणतो, टोपली विणतो आणि बाजही विणतो. क्रियापद एकच, पण रचना वेगळ्या. मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे एकमेकांना काटकोनात छेदतात. सुयांवरच्या विणकामात एकच धागा फाशातून फासा ओढत पुढे जातो. तिसरा प्रकार याहून जुना. त्यात नेढ्याची एकच सुई असते आणि धाग्याचं अख्खं टोक प्रत्येक फाशातून आरपार काढावं लागतं. त्यामुळे धागा तुकड्यातुकड्यांनी घेऊन जोडावा लागतो.

या तिसऱ्या पद्धतीचं एक रूप वरून पाहिलं तर पिळलेल्या सुलट टाक्यांसारखंच दिसतं. आणि इथेच तज्ज्ञही फसले. सीरियातलं दुरा-युरोपॉस हे शहर इ. स. २५६ च्या सुमारास उद्ध्वस्त झालं. तिथे सापडलेल्या लोकरीच्या तुकड्यांना १९४५ च्या उत्खनन-अहवालात विणकाम म्हटलं गेलं. त्यावरून विणकामाचा इतिहास थेट तिसऱ्या शतकात गेला. इजिप्तच्या कॉप्टिक मोज्यांबाबतही असंच झालं होतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेला, सँडलसाठी अंगठा वेगळा केलेला लाल लोकरी जोड याच कुळातला. पुढे १९७२ मध्ये टोरांटोच्या रॉयल ऑन्टारिओ संग्रहालयातल्या डोरोथी बर्नहॅम यांनी हे कॉप्टिक काम एका सुईचं असल्याचं दाखवून दिलं. दुराचे तुकडेही आता त्याच पद्धतीचे मानले जातात. एका टाक्याची ओळख बदलली आणि कित्येक शतकांचा इतिहास सरकला!

ओळखायचं कसं? ज्याने कधी स्वेटर उसवला आहे त्याला तत्त्व कळेल. सुयांवरचं विणकाम शेवटचा धागा ओढला की ओळीनं उसवत जातं. एका सुईचं काम तसं उसवत नाही. अर्थात संग्रहालयातला मोजा उसवून बघता येत नाही. मग धाग्याचे जोड, टाक्यांची दिशा आणि घट-वाढ कुठे केली आहे, हे भिंगाखाली तपासावं लागतं.

आता थोडं विज्ञान. लोकरीचा धागा स्वतः ताणला जातो, सुताचा फारसा नाही. तरीही सुती मोजा पायाला बसतो, कारण ताण घेतो तो फासा. ओढ पडली की त्याचा आकार बदलतो. निळीचंही कारण रासायनिक आहे. बहुतेक नैसर्गिक रंग कापसावर टिकायला तुरटीसारखा दुवा लागतो. निळीला तो लागत नाही. ती आधी विद्राव्य रूपात तंतूत शिरते आणि हवेशी संयोग होताच आतच अविद्राव्य होते. आजच्या उन्हाळी दोऱ्याची चमक मात्र बरीच नंतरची. जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये कापसावरच्या कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं. सुमारे ४० वर्षांनी होरेस लोव यांनी धागा ताणून धरत तीच प्रक्रिया केली. तेव्हा चमक आली आणि रंगही खुलू लागले.

मग इजिप्तचे मोजे उन्हाळ्यासाठी होते, असं लिहायचं का? नाही. दोन रंगांच्या नक्षीत न वापरलेला दोरा मागून न्यावा लागतो, त्यामुळे जाडी वाढते. वाळवंटातल्या रात्रीही थंड असतात. ‘सुती’ ही नोंद आहे. ‘उन्हाळी’ हा अर्थ आपण लावलेला आहे. दुसरी गोष्ट, इजिप्तच्या कोरड्या वाळूत सूत शतकानुशतकं टिकतं, पण आपल्यासारख्या दमट हवेत ते कुजून जातं. त्यामुळे ‘सर्वांत जुना नमुना इजिप्तचा’ हे विधान बरोबर आहे. ‘विणकामाचा जन्म इजिप्तमध्येच झाला’ हे विधान त्यातून आपोआप सिद्ध होत नाही.

सिनॉप्सिस लिहिताना ही तीन कामं आधी करा. तुमच्या विषयातला मुख्य शब्द नेमका कशाला लावताय, ते एका वाक्यात लिहा. निरीक्षण आणि अर्थ वेगळ्या रकान्यांत ठेवा. आणि तुमच्यापर्यंत पोचलेला पुरावा कशामुळे टिकला, हे विचारा. मार्गदर्शकांच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.