वैद्यकीय ओळखचोरी

वैद्यकीय ओळखचोरी म्हणजे एखाद्या व्यक्तीचे नाव, आधार क्रमांक, शिधापत्रिका, आयुष्मान कार्ड किंवा विमा पॉलिसीचा तपशील तिच्या संमतीविना वापरून उपचार, औषधे अथवा विम्याची रक्कम मिळवणे. आर्थिक ओळखचोरीत मुख्यतः पैशांचे नुकसान होते. या प्रकारात त्याखेरीज परक्याचे रोगनिदान, रक्तगट व औषधे मूळ व्यक्तीच्या नावावर नोंदली जातात. त्यामुळे पुढील उपचारांत तिच्या जिवालाही धोका संभवतो. अमेरिकेतील वर्ल्ड प्रायव्हसी फोरम या संस्थेने २००६ साली या विषयावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू होऊन तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा तिच्या कक्षेत आला. २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. राज्यातील १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांमध्ये धाराशिवचा समावेश असल्याने येथील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिचा लाभ देण्यात आला.

योजनेचे विमा संरक्षण संपूर्ण कुटुंबाला मिळून प्रतिवर्षी असते. पूर्वी दीड लाख रुपये असलेली ही मर्यादा पुढे पाच लाखांपर्यंत वाढवण्यात आली. एका सदस्याच्या नावे खोटा दावा मंजूर झाला, तरी सर्व कुटुंबाची शिल्लक घटते.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ साली संसदेत सादर झालेल्या अहवालात प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या देशभरातील नोंदींमधील त्रुटी दाखवल्या. ७,४९,८२० लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले आढळले. आधीच मृत म्हणून नोंद झालेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे ३,९०३ दाव्यांपोटी ६.९७ कोटी रुपये अदा झाले होते. अशी प्रत्येक त्रुटी म्हणजे ओळखचोरी नव्हे. मात्र नोंदीत स्वतःचा क्रमांक नसल्यास लाभार्थ्याला उपचाराचा संदेशच मिळत नाही आणि गैरवापर दीर्घकाळ लपून राहतो.

लक्षणे

- न घेतलेल्या उपचाराचा संदेश, देयक किंवा विमा कंपनीचे पत्र येणे.
- उपचार झालेले नसताना कुटुंबाची विमा मर्यादा संपल्याचे रुग्णालयात समजणे.
- कागदपत्रांत अनोळखी आजार, शस्त्रक्रिया किंवा वेगळा रक्तगट आढळणे.
- नसलेल्या आजाराच्या कारणावरून विमा प्रस्ताव नाकारला जाणे.

नामसाधर्म्यामुळे किंवा लेखनदोषानेही चुकीची नोंद होऊ शकते. म्हणून प्रथम कागदपत्रांची पडताळणी केली जाते. नातेवाइकाला स्वतःचे कार्ड वापरू देणे ही चोरी नसली, तरी तो गैरवापर ठरतो आणि त्यातूनही वैद्यकीय नोंदी दूषित होतात.

उपाययोजना

बाधित व्यक्तीने संबंधित रुग्णालयाकडे लेखी तक्रार करून पोच घेणे व आपल्या नावावरील नोंदींच्या प्रती मागणे ही पहिली पायरी होय. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास अशा नोंदी ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जन आरोग्य योजनेविषयीची तक्रार रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, तसेच १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० या क्रमांकांवर नोंदवता येते. आयुष्मान भारत योजनेसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. जिल्हा स्तरावर तक्रार निवारण समितीकडे दाद मागता येते. खासगी विम्याबाबत प्रथम कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते.

फौजदारी तक्रार पोलीस ठाण्यात दाखल करता येते. ऑनलाइन आर्थिक फसवणूक असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवणे आवश्यक असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६क नुसार नव्हे, तर ६६ग, म्हणजे इंग्रजी क्रमाने ६६सी नुसार, ओळखचोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तोतयागिरी करून फसवणूक केल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३१९ लागू होते.

पैशांचा प्रश्न मिटल्यावरही वैद्यकीय नोंद दुरुस्त करून घेणे आवश्यक ठरते. चुकीच्या नोंदीवर तसा दिनांकित शेरा मारून घेणे, रक्तगटाची पुन्हा तपासणी करणे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना याची माहिती देणे हे त्याचे मार्ग होत.

प्रतिबंध

आधार व आयुष्मान कार्डाला स्वतःचा चालू भ्रमणध्वनी क्रमांक जोडणे, ओटीपी कोणालाही न सांगणे, छायाप्रतीवर दिनांक व प्रयोजन लिहिणे आणि आधारची बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद ठेवणे, हे प्रमुख प्रतिबंधक उपाय आहेत.