राजाचा पुतळा आणि लिचफिल्डच्या बायका

गेल्या खेपेला आपण कल्हईबद्दल बोललो. आज गोष्ट शिशाची, आणि ती आहे अमेरिकेतली.

१७७६ साल. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध बंड पुकारलं होतं. न्यूयॉर्कच्या चौकात तिसऱ्या जॉर्ज राजाचा घोड्यावरचा पुतळा होता. आत शिसं, वरून सोन्याचा मुलामा. ९ जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा सैनिकांना वाचून दाखवला आणि त्याच संध्याकाळी जमावाने दोर लावून पुतळा पाडला. बंदुकीच्या गोळ्यांना शिसं हवंच होतं. म्हणून पुतळ्याचे बरेचसे तुकडे जहाजाने आणि मग बैलगाडीने कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी गेले, ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी. आणि तिथे कामाला बसल्या घरातल्या आणि शेजारच्या बायका-मुली.

भंगारातलं शिसं कधी निव्वळ नसतं. माती, गंज, दुसऱ्या धातूचे कण असतातच. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, म्हणजे चुलीच्या आचेवरही. वितळलं की वर काळपट साय धरते. शिसं जड, घाण हलकी, म्हणून ती तरंगते. चरबी किंवा मेण टाकून ढवळायचं आणि साय पळीने काढायची, ही जुनी रीत. कल्हईवाला नवसागर टाकतो ना, तसंच काहीसं. मळ राहिला तर गोळी आतून पोकळ होते, वजनाला कमी भरते आणि भलतीकडेच जाते. सोन्याचा वर्ख मात्र साईत येत नाही, तो शिशातच विरघळतो. म्हणजे राजाचं सोनंही त्याच्याच फौजेवर गेलं!

वोलकॉट यांनी हिशेब लिहून ठेवला, हे फार बरं झालं. रूथ मार्विन ११,५९२. मेरी अ‍ॅन वोलकॉट १०,७९०. ही जेमतेम अकरा वर्षांची. लॉरा ८,३७८. धाकटा फ्रेडरिक ९३६. मिसेस मार्विन ६,०५८, मिसेस बीच १,८०२. गावच्या शिबंदीला दिलेल्या धरून एकूण ४२,०८८ काडतुसं. पण या दोघींची स्वतःची नावं यादीत नाहीत, नवऱ्याचंच आडनाव. आणि एक ओळ आहे, 'इतर, २,१८२'. या इतर कोण, कुणी लिहिलं नाही. गटाच्या वहीत 'इतर' लिहिताना आम्हाला ही ओळ हमखास आठवते.

शिशाचा धूर आणि भुकटी अंगात साठते, आणि लहान मुलांच्या मेंदूला तिचा मोठा धोका असतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. अकरा वर्षांची ती पोर त्या भांड्याजवळ किती दिवस बसली असेल! आजही जुन्या बॅटऱ्या फोडून घरामागे शिसं वितळवणारे आहेत. तिथे पोरांना फिरकू देऊ नका. घरात असं काम कुणी करत असेल तर थांबवा.

पुढे दोनशेहून जास्त वर्षांनी न्यू जर्सीत, मॉनमथच्या रणांगणावर, जमिनीतून जुन्या गोळ्या निघाल्या. तिथली लढाई १७७८ची. अभ्यासकांनी त्यांतलं शिसं तपासलं, तेव्हा त्यांतल्या काहींची भेसळ पुतळ्याच्या उरलेल्या तुकड्यांशी जुळली. बायकांनी साय काढली तरी जे उरलं होतं, त्यावरूनच त्यांची गोळी ओळखता आली.