तुणतुण्याची एक तार : आंबेडकरी जलशाची वाटचाल

चिखलीच्या ईशान्येला वऱ्हाडच्या कापसाचे खामगाव. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली तीही कापसासाठीच. अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातली मिसिसिपी आणि वऱ्हाड एकमेकांना असे बांधले गेले. राबणाऱ्यांची गाणी ऐकताना हे नाते मला आणखी जवळचे वाटते.

मिसिसिपीत गुलामांच्या लेकरा-नातवंडांनी ब्लूज हा गाण्याचा प्रकार घडवला. घराच्या भिंतीवर एक तार ताणायची, तिच्यावर बाटली घासत सूर काढायचा. कितीतरी पोरांचे पहिले वाद्य हेच. पुढे गिटारवरही तशीच बाटलीची मान फिरू लागली. एक ओळ दोनदा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. गंधार आणि निषाद ना पुरते कोमल, ना पुरते शुद्ध. सारी कळ त्या मधल्या जागेत.

आपले तुणतुणेही एकाच तारेचे. डफ-ढोलकीच्या साथीने शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात. तमाशाचा हा साज आधी सत्यशोधक जलशाने प्रबोधनासाठी घेतला. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच धगीत भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला. बतावणीत आता शिक्षण, पाणवठा, व्यसन असे विषय आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) याच परंपरेतले. त्यांची गाणी वऱ्हाडातल्या वस्त्यावस्त्यांत पोहोचली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जलशाची जागा हळूहळू गायनपार्ट्यांनी घेतली.

एका बाबतीत मात्र मिसिसिपी नशीबवान ठरली. अमेरिकेतल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याने ग्रामोफोनची कपाटे खपावीत म्हणून पॅरामाउंट नावाने तबकड्या काढल्या. त्यामुळे ब्लूज गायक चार्ली पॅटनचा १९२९ चा घोगरा आवाज आजही ऐकू येतो. भीमराव कर्डकांनी १९७८ मध्ये जलशांवर पुस्तक लिहिले, म्हणून तो इतिहास कागदावर तरी आला. पण गावोगावच्या शाहिरांचे सूर म्हाताऱ्या गळ्यांतच राहिले आहेत.

चिखली परिसरात कुणाच्या घरी जलशाची जुनी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. घरात गाणारे आजोबा असतील तर आज संध्याकाळीच त्यांच्यासमोर मोबाइल ठेवा आणि त्यांना गाऊ द्या.