लगामाचे दुसरे टोक

इंग्लंडमधील अश्वप्रदर्शनांत ‘लीड रेन’ नावाचा एक वर्ग असतो. जेमतेम तीन वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंतचे मूल लहानशा तट्टावर बसते. त्याच्या हाती स्वतःचा लगाम असतोच, पण आणखी एक दोर तट्टाच्या नाकपट्टीला बांधलेला असतो आणि त्याचे दुसरे टोक शेजारून चालणाऱ्या प्रौढाच्या हातात असते. हा दोर तोंडातल्या कडियाळ्याला बांधत नाहीत, कारण प्रौढाच्या हिसक्याने तट्टाचे तोंड दुखावू नये. तट्टाची उंची १२२ सेंटिमीटरच्या आत हवी. रिंगणात साधी चाल आणि दुडकी एवढेच करून दाखवायचे. त्यापुढचा वेग या वर्गात नाही.

मराठीत ‘तट्टू’ म्हटले की ‘भाडोत्री’ हे विशेषण आपोआप जिभेवर येते. आमच्या भाषेने या प्राण्याला तुच्छतेने पाहिले. इंग्रजीने त्याच्या नावाभोवती बालपणाचा सगळा गोडवा गोळा केला. हा गोडवा कुठून आला, हा आमचा प्रश्न आहे.

तो प्रारंभापासून नव्हता. १८४२ साली ब्रिटिश संसदेने खाणींसंबंधी कायदा केला आणि स्त्रियांना व दहा वर्षांखालील मुलांना जमिनीखाली काम करण्यास बंदी घातली. त्याआधीच्या चौकशी अहवालात कमरेला पट्टा व साखळी बांधून, चार पायांवर रांगत कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या मुलांची चित्रे होती. मुले बाहेर आली आणि खाणीत तट्टांची मागणी वाढली. अरुंद बोगद्यांत शेटलंड बेटांवरची ठेंगणी, दणकट जात सोयीची ठरली. डरहॅमच्या खाणींसाठी लंडनडेरीच्या सरदार घराण्याने शेटलंडमध्ये पैदाशीचे केंद्रच काढले. पुढे ‘शेटलंड पोनी स्टड-बुक सोसायटी’ १८९० मध्ये स्थापन झाली. एकाच ठेंगण्या जातीचे तट्टू खाणीत मुलाच्या जागी जुंपले जाते आणि श्रीमंताच्या बागेत मुलाला पाठीवर घेते, ही गोष्ट बालपणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी जरा जवळजवळ ठेवून पाहावी असे आम्हांस वाटते. बालपण हे श्रमापासून राखून ठेवायचे वय आहे, हा विचार ज्या शतकात रुजला त्याच शतकात तट्टूही त्या वयाचे भूषण झाले.

साहित्यात याची सर्वांत नेमकी नोंद आहे ती ॲना स्युएलच्या ‘ब्लॅक ब्यूटी’त (१८७७). चौदाव्या वर्षी पाय दुखावल्यामुळे स्युएलला आयुष्यभर नीट चालता आले नाही. घोडागाडीवरच तिचा वावर अवलंबून होता. तिच्या कादंबरीतले मेरीलेग्ज नावाचे लठ्ठ, करडे तट्टू मुलांचे आवडते आहे. पाद्रीबाबांच्या घरची मुले त्याला काठीने हाकत, थकवा लक्षात न घेता पाळीपाळीने पळवतात, तेव्हा ते मागच्या पायांवर उभे राहून त्यांना अलगद पाठीवरून घसरू देते. आणि त्यावर त्याचे म्हणणे असे, की शिकवायचे होते ते शिकवले. स्युएलने तट्टाला शिक्षकाचा अधिकार दिला आणि नकाराचाही.

लीड रेनच्या रिंगणात हा दुसरा अधिकार उरत नाही. परीक्षक तट्टाची ठेवण, चाल आणि मुख्यतः ‘मॅनर्स’ पाहतात. म्हणजे गर्दीत, लाउडस्पीकरच्या आवाजात, पाठीवर अस्थिर बसलेल्या मुलासह ते किती शांत राहते. मेरीलेग्जला या रिंगणात शेवटचा क्रमांकही मिळाला नसता. आम्ही हे दोष म्हणून सांगत नाही. तीन वर्षांचे मूल पाठीवर असताना दुसरा कुठला गुण पाहायचा? पण गुणांकनाची ही पद्धत कुणाचे वर्तन मोजते हे ध्यानात घ्यावे. पोशाखाची काळजीही तिघांची असते: तट्टाच्या आयाळीच्या वेण्या, मुलाचा कोट, आणि दोर धरणाऱ्या बाईची त्याला साजेशी टोपी नि हातमोजे. (डोंगराळ देशी जातींच्या वर्गांत मात्र वेण्या घालत नाहीत, तिथे नैसर्गिकपणाचेच प्रदर्शन असते.)

विसाव्या शतकात हे सारे संस्थाबद्ध झाले. १९२९ मध्ये पोनी क्लब निघाला. १९४९ मध्ये ब्रिटिश शो पोनी सोसायटी स्थापन झाली आणि त्याच वर्षी लंडनच्या हॅरिंगे येथे ‘हॉर्स ऑफ द इयर शो’ भरू लागला. दरम्यान कादंबरीने वेगळी वाट धरली होती. स्युएलकडे तट्टू बोलत असे. जोआना कॅननच्या ‘अ पोनी फॉर जीन’मध्ये (१९३६) कथा घोडेस्वार मुलीची झाली, आणि पुढच्या कित्येक ‘पोनी-कथां’नी तोच मार्ग घेतला. त्या कथांत मुलगी आणि तट्टू असतात, मोकळे माळ असतात, दोर धरणारे मोठे माणूस बहुधा नसते. वाचकाला हवा असतो तो दोर सुटल्यानंतरचा काळ. नॉर्मन थेलवेलने १९५३ पासून ‘पंच’मध्ये काढलेल्या गोल पोटाच्या, हट्टी तट्टांनी तर या शिष्ट रिंगणाची भरपूर थट्टा केली. मेरीलेग्जचा नकार तिथे परत आला, विनोदाच्या रूपाने.

प्रदर्शनांत लीड रेननंतरची पायरी ‘फर्स्ट रिडन’ची, तिथे दोर काढला जातो आणि मूल एकटे रिंगणात जाते. तोवर बहुतेकदा त्याचे पाय जुन्या तट्टाच्या पोटाखाली लोंबू लागलेले असतात. मग ते तट्टू दुसऱ्या घरी, दुसऱ्या तीन वर्षांच्या मुलासाठी विकले जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच वर्गात पुन्हा उभे राहते.