चार पानांचे गणित आणि अडखळणारा लॅपटॉप

लॅपटॉपवर व्हिडिओचे संपादन करू पाहणाऱ्या प्रत्येकाला एक कोडे कधी ना कधी पडते. जो व्हिडिओ पाहताना पाण्यासारखा वाहतो, तोच संपादनासाठी उघडला की अडखळू लागतो. दोष बहुधा यंत्राच्या जुनेपणाला दिला जातो, आणि तो काही अंशी खराही असतो. परंतु या संथपणाचे मूळ शोधत गेल्यास आपण अर्धशतकापूर्वीच्या एका गणिती कल्पनेपाशी आणि तिच्या भोवती उभ्या राहिलेल्या एका अभियांत्रिकी तडजोडीपाशी पोहोचतो. त्या कल्पनेचा जनक बंगळुरूचा आहे.

आधी हिशेब पाहू. १९२० × १०८० बिंदूंच्या एका चित्रचौकटीत २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एक चौकट सुमारे ६२ लाख बाइटची होते. सेकंदाला २५ चौकटी धरल्यास एका मिनिटाच्या व्हिडिओला ९ गीगाबाइटहून अधिक जागा लागेल. ४.७ गीगाबाइटच्या डीव्हीडीत असा व्हिडिओ जेमतेम अर्धा मिनिट मावेल. म्हणजे माहितीचे संक्षेपण झाले नसते, तर घरोघरी व्हिडिओ पोहोचलाच नसता.

नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळुरूत झाला. १९१७ साली स्थापन झालेल्या आणि आज विश्वेश्वरय्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी १९६१ मध्ये पदवी घेतली. पुढे अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठातून १९६६ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करू लागले. त्या काळी संक्षेपणाचा आदर्श मार्ग म्हणून कारहुनेन-लोएव्ह रूपांतर मान्य होते. मात्र ते प्रत्येक माहितीसंचासाठी नव्याने काढावे लागे, म्हणून व्यवहारात जड पडे. कोसाइन फलांच्या आधारे त्याच्या जवळ जाणारे, तरीही सर्वत्र एकच राहणारे रूपांतर मिळू शकेल, असे अहमद यांना वाटले.

१९७२ मध्ये त्यांनी या अभ्यासासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. ही कल्पना फारच साधी आहे, अशा आशयाचा एका परीक्षकाचा अभिप्राय होता, असे अहमद यांनी पुढे आठवणींत नमूद केले आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात वेतनाची सोय नसतानाही त्यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि अर्लिंग्टन येथील टेक्सास विद्यापीठातील मित्र के. आर. राव यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेले टिपण जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते अवघ्या चार पानांचे होते. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, म्हणजेच डीसीटी, जगापुढे आले ते असे.

या रूपांतराचे मर्म सोपे आहे. चित्राचे ८ × ८ बिंदूंचे तुकडे केले, तर एका तुकड्यातील शेजारचे बिंदू बहुधा सारख्याच छटेचे असतात. डीसीटी त्या ६४ बिंदूंच्या जागी ६४ नवे आकडे देते. त्यांतील पहिल्या काही आकड्यांत तुकड्याचा बहुतेक आशय एकवटतो आणि उरलेले शून्याच्या आसपास राहतात. डोळ्याला ज्यांची उणीव भासत नाही, ते आकडे ढोबळ केले किंवा गाळले, की जागा वाचते. १९८८ मधील एच.२६१ हे दूरचित्रसंवादासाठीचे मानक, छायाचित्रांसाठीचे जेपीईजी, पुढे एमपीईजी आणि २००३ मधील एच.२६४ ही सारी मानके डीसीटीवर किंवा तिच्या जवळच्या रूपांवर उभी राहिली.

मग संपादन संथ का होते? याचे उत्तर प्रामुख्याने तडजोडीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. एकामागून एक येणाऱ्या चौकटी जवळपास सारख्या असतात. म्हणून या मानकांत काही मोजक्याच चौकटी संपूर्ण साठवल्या जातात. बाकीच्यांबाबत ‘मागच्या किंवा पुढच्या चौकटीपेक्षा काय बदलले’ एवढेच नोंदले जाते. ही अशी खातेवही झाली, जिच्यात आरंभीची शिल्लक लिहिली आहे आणि पुढे केवळ जमा-खर्चाच्या नोंदी आहेत. क्रमाने वाचणाऱ्याला अडचण नाही; परंतु मधल्याच एखाद्या दिवसाची शिल्लक हवी असेल, तर आरंभापासून बेरीज करत यावे लागते.

चित्रपटाच्या फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी असत आणि प्रत्येक चौकट स्वयंपूर्ण असे. संपादक हवी तेथे कात्री चालवू शके. आजच्या फाइलमधील बहुतेक चौकटी मात्र गणित केल्याशिवाय अस्तित्वातच येत नाहीत. आपण कर्सर मागे-पुढे सरकवतो तेव्हा प्रत्येक वेळी ती बेरीज नव्याने मांडली जाते. दोन-तीन चित्रफिती एकमेकींवर ठेवल्या की काम तितक्या पटीने वाढते. लॅपटॉपमधील विशेष डिकोडर परिपथाला फाइलचा प्रकार ओळखीचा नसेल, तर सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. तो तापतो आणि स्वसंरक्षणार्थ वेग कमी करतो.

डीसीटीचा यात फारसा दोष नाही, याचा पुरावाही आहे. २००७ मध्ये आलेला प्रोरेझ हा संपादनासाठीचा प्रकार डीसीटीच वापरतो, पण प्रत्येक चौकट स्वतंत्र ठेवतो. त्याच्या फाइली कित्येक पटींनी मोठ्या होतात, तरी कापायला हलक्या असतात. व्यावसायिक संपादक मूळ चित्रीकरणाची लहान आकाराची ‘प्रॉक्सी’ प्रत करून तिच्यावर काम करतात आणि अखेरीस मूळ फाइल जोडतात, त्यामागचे कारणही हेच. साध्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा मार्ग मोकळा आहे. त्यासाठी नवे यंत्र घ्यावेच लागते असे नाही.

आपल्या हातातील व्हिडिओ मुख्यतः साठवणाऱ्याच्या, पाठवणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्याच्या सोयीने घडवला गेला. कापणाऱ्याच्या वाट्याला त्याची किंमत आली. एवढे उमजले तरी अडखळणाऱ्या पडद्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. आणि दुसरी गोष्ट संशोधनाची वाट धरणाऱ्यांसाठी. जी कल्पना फार साधी वाटल्याने अनुदानाला मुकली, ती आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये काम करते आहे. साधेपणा हा उणेपणा नव्हे, हे परीक्षकांनीही लक्षात ठेवावे असे आहे.